प्लाझ्मिनोजेन रिसेप्टरवर प्रोजेक्ट करायचाय?

शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीला आलेले ज्युनियर प्रोजेक्टसाठी विषय विचारतात, तेव्हा मी हटकून पेशींवरचे प्लाझ्मिनोजेन रिसेप्टर सुचवते, म्हणजे प्लाझ्मिनोजेन हे रक्तातलं प्रथिन धरून ठेवणारी पेशीवरची प्रथिनं. माझा प्रोजेक्ट त्यावरच होता आणि अजूनही तो विषय मला सोडवत नाही.

यकृतात तयार होणारं प्लाझ्मिनोजेन रक्तात निष्क्रिय फिरत असतं. टीपीए (टिश्यू प्लाझ्मिनोजेन ॲक्टिव्हेटर) किंवा युरोकायनेज या एन्झाइमने कापलं की त्याचं प्लाझ्मिन होतं आणि ते रक्ताच्या गुठळीतली फायब्रिनची जाळी तोडतं. पुस्तकातला धडा बहुधा इथेच संपतो. पण रक्तातल्या मोकळ्या प्लाझ्मिनला अल्फा-२ अँटिप्लाझ्मिन हे दुसरं प्रथिन झटक्यात निकामी करतं. पेशीला चिकटलेलं मात्र बरंचसं वाचतं. शिवाय तिथे बसल्यावर प्लाझ्मिनोजेनचा मिटलेला आकार उघडतो आणि टीपीएला ते सहज कापता येतं. मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) ऊतींमधून वाट काढतात त्यात याचा मोठा हात आहे. कर्करोगाच्या पेशीही हीच सोय वापरतात.

रिसेप्टरांची यादी पाठ करत बसू नका. अल्फा-इनोलेज, एस१००ए१०, हिस्टोन एच२बी, २०१० मध्ये वर्णन झालेला पीएलजी-आरकेटी, ही एकमेकांशी नातं नसलेली प्रथिनं. पण सगळ्यांच्या सी-टोकाला, म्हणजे प्रथिनाच्या साखळीच्या शेवटी, लायसिन हे अमिनो ॲसिड आहे आणि प्लाझ्मिनोजेनचे क्रिंगल (त्याच्या साखळीतले वेटोळ्यांसारखे भाग) तेच पकडतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आवरायला देतात ते ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड लायसिनसारखंच असतं, ते क्रिंगलमधली हीच जागा अडवतं. तेव्हा पेशींना किती प्लाझ्मिनोजेन चिकटतं हे मोजताना तुमचा कंट्रोलही तोच! ते घातल्यावर जे चिकटणं थांबतं, तेवढंच लायसिनमुळे होतं असं म्हणा. दुसरा कंट्रोल कार्बोक्सिपेप्टिडेज बी हे एन्झाइम, ते टोकाचं लायसिनच कापून टाकतं.

खरी मेख पेशी सोडवण्यात आहे. फ्लास्कला चिकटलेल्या पेशी आपण सवयीने ट्रिप्सिन या एन्झाइमने काढतो. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढे कापतं, म्हणजे पृष्ठभागावर नवी लायसिन-टोकं आपणच तयार करतो आणि आकडा फुगतो. मग कॅल्शियम ओढून घेणारं ईडीटीए वापरावं, तर पेशीवर कॅल्शियमच्या आधाराने बसलेलं ॲनेक्सिन ए२ हे प्रथिन निघून जातं, आणि एस१००ए१० त्याच्याच जोडीने असतं. म्हणून सुरुवात तरंगत वाढणाऱ्या पेशींनी करा, यू९३७ किंवा टीएचपी-१ या पेशी-वाणांनी. पेशींसाठी पुण्याचं एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) कोल्हापूरहून जवळच आहे.

पेशी वाढवायला घालतो त्या सीरममध्येही प्लाझ्मिनोजेन असतं, तेव्हा पेशी नीट धुवा. ट्रिपॅन ब्लू या रंगाने मेलेल्या पेशी मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. फुटलेल्या पेशीच्या आतली प्रथिनं उघडी पडतात आणि प्लाझ्मिनोजेन भरमसाट चिकटतं.

महागडं यंत्र नाही म्हणून विषय सोडू नका. प्लाझ्मिनने कापल्यावर पिवळा होणारा पेप्टाइड सबस्ट्रेट मिळतो, तो ४०५ नॅनोमीटरला साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचता येतो.