बावीस फोन आणि एक वही

मी मूळची अकाउंटची. मिरजेतल्या एका औषधांच्या होलसेल फर्ममध्ये बिलं, वसुली, जीएसटी बघते. मोबाइल सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, कारण ऑफिसात पासवर्ड न विसरणारी मी एकटीच. सेल्समन, डिलिव्हरीची पोरं आणि गोडाऊन धरून २२ फोन आहेत. रोज तासगाव, जत, कवठेमहांकाळ फिरून येतात. लहान धंद्यात आयटी खातं नसतं, माझ्यासारखंच कुणीतरी असतं. हे त्यांच्यासाठी.

ॲपकडे वळायच्या आधी एक वही करा. एक्सेल चालेल, पण मी वहीच ठेवते, कारण तिच्यात सही घेता येते. प्रत्येक फोनला एक पान. फोन कोणाचा, सिम कोणाच्या नावावर, आणि आतलं गूगल खातं कोणाचं, हे तीन प्रश्न वरच लिहायचे. खाली बिल नंबर आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक. तो *#०६# डायल केलं की दिसतो, १५ आकडी असतो, आणि दोन सिमच्या फोनला दोन असतात. दोन्ही लिहा. फोन हरवल्यावर खोका शोधत बसायची वेळ येते आणि खोका नेमका दिवाळीच्या साफसफाईत गेलेला असतो.

या तिघांत सिमचा प्रश्न सगळ्यात महाग. आमच्या एका सेल्समनने सहा वर्षं सगळ्या ऑर्डरी स्वतःच्या नंबरच्या व्हॉट्सॲपवर घेतल्या. तो दुसऱ्या फर्मकडे गेला. फोन त्याने इमानदारीने परत दिला, पण नंबर त्याचाच होता, तो कसा मागणार? दुकानदार त्याच नंबरवर ऑर्डर टाकत राहिले आणि माल दुसरीकडून जात राहिला. त्याची चूक म्हणता येत नाही, गाफील आम्ही होतो. त्यानंतर मालकांच्या मागे लागून सगळी सिमं फर्मच्या नावावर घेतली. प्रत्यक्ष वापरणाऱ्याचं केवायसी तरीही द्यावं लागतं, ते आधी गोळा करून ठेवा. व्हॉट्सॲप बिझनेस या सिमवरच. त्याची टू-स्टेप व्हेरिफिकेशनची सहा आकडी पिन मी स्वतः टाकते आणि ईमेल ऑफिसचा देते. ईमेल दिला नाही आणि पिन विसरली तर सात दिवस थांबावं लागतं, आणि सात दिवस ऑर्डरी बंद ठेवून बघा काय होतं ते.

आता सॉफ्टवेअर. मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट, म्हणजे एमडीएम. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून सगळ्या फोनांना नियम लावायचं, लॉक करायचं, पुसायचं साधन. बरेच पर्याय आहेत, स्केलफ्यूजन तर आपल्या पुण्यातल्या कंपनीचं आहे. आम्ही झोहोच्या मॅनेजइंजिनचं घेतलं, कारण २५ फोनांपर्यंत ते फुकट मिळालं आणि आमचे २२. मालकांना पटवायला एवढं पुरलं.

फोन फर्मचा असेल तर तो नवा कोरा असतानाच, किंवा फॅक्टरी रीसेट करून, म्हणजे आतलं सगळं पुसून, जोडायचा. अँड्रॉइड फोन चालू केला की स्वागताचा पहिला पडदा येतो. पुढे जाऊ नका. त्याच पडद्यावर एकाच जागी सहा वेळा बोट टेकवा. क्यूआर कोड वाचायचा कॅमेरा उघडतो. एमडीएमच्या पानावरचा कोड त्याला दाखवला, वायफाय दिलं, की बाकी तो स्वतः करतो. पहिल्या खेपेला मी उत्साहाने सगळे फोन चालू करून, भाषा निवडून, प्रत्येकाचं जीमेल टाकून बसले आणि मग कळलं की हे आधी करायचं होतं. अख्खा रविवार रीसेट करण्यात गेला.

फोन माणसाचा स्वतःचा असेल तर मात्र वेगळा हिशेब. तिथे फक्त वर्क प्रोफाइल टाकायचं. फोनात ऑफिसचा एक बंद कप्पा तयार होतो आणि त्यातल्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह दिसतं. आमच्या गोडाऊनच्या लोकांनी आधी साफ नकार दिला. ‘ताई, आमचे फोटो तुम्हाला दिसणार ना?’ समजावण्यात दोन दिवस गेले. शेवटी एकाचा फोन जोडला आणि सगळ्यांना माझ्या कॉम्प्युटरपुढे उभं करून पान दाखवलं. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, आणि ऑफिसच्या कप्प्यातली ॲपं. फोटो नाहीत, मेसेज नाहीत, कुणाला फोन केला तेही नाही. नोकरी सोडताना मी पुसणार तो हा कप्पाच, मुलाच्या बारशाचे फोटो तिथेच राहतात. मग तो कप्पा संध्याकाळी बंद कसा ठेवायचा हेही शिकवलं. ते कळल्यावर दोघं आपणहून आले. हे न दाखवता जबरदस्ती केलीत तर लोक दुसरा जुना फोन आणून जोडतील आणि काम पहिल्यावरच करतील. पैज लावते.

जोडल्यावर नियम फार लावू नका. माझे मोजके आहेत. सहा आकडी पिन. नक्षीचं (पॅटर्न) लॉक नाही, कारण हात तेलकट असले की काचेवर रेघ उमटते आणि शेजारचाही उघडू शकतो. पडदा एका मिनिटात बंद. सुरक्षा अपडेट आलं की वायफायवर घ्यायचंच. आणि प्ले स्टोअरबाहेरचं ॲप टाकायला पूर्ण बंदी.

या शेवटच्या नियमाने आम्हाला एकदा वाचवलं. लग्नसराईत आमच्या एका सेल्समनला ओळखीच्या मेडिकलवाल्याच्या नंबरवरून ‘लग्नपत्रिका’ आली. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके. पत्रिका पीडीएफ असते, फोटो असते. एपीके म्हणजे ॲप, आणि असलं ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे. पाठवणाऱ्याचाच फोन आधी बाधित झालेला होता, म्हणून नंबर ओळखीचा. पोरगा माझ्याकडे तक्रार घेऊन आला, ‘मॅडम, पत्रिका उघडतच नाही, तुमच्या लॉकमुळे.’ मी म्हटलं, बरं झालं. आरटीओच्या चलनाच्या नावानेही असंच येतं. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करायचा, हा नंबर मी प्रत्येक फोनात सेव्ह करून देते.

एक गोष्ट सुरुवातीला माझ्याही लक्षात आली नव्हती, ती गॅलरी. एखादं दुर्मीळ औषध हवं असलं की दुकानदार थेट पेशंटच्या चिठ्ठीचा फोटो पाठवतात. नाव, वय, आजार, सगळं. एका फोनात अशा शेकडो चिठ्ठ्या निघाल्या, मधेमधे गुड मॉर्निंगची फुलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालचा आहे आणि डेटा नीट न सांभाळल्याचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आमच्यासारख्यांना तो आकडा नुसता वाचूनच घाम फुटतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा म्हणजे फोटो गॅलरीत उतरत नाहीत, आणि औषध पाठवून झालं की चिठ्ठी पुसायची सवय लावा.

फोन हरवला तर काय आधी, काय नंतर, हे वहीच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवून ठेवलंय, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. तासगाव स्टँडवर एसटीत चढताना आमचा एक फोन गेला, तेव्हा मी घाईत पहिलं काम केलं ते सिम बंद करायचं. चूक. नेट गेलं आणि मी पाठवलेला लॉकचा आदेश फोनपर्यंत पोहोचलाच नाही. आता क्रम असा. आधी एमडीएमवरून लॉक आणि ठावठिकाणा बघणं. फोन हाती लागण्यासारखा नसेल तर वाइप, म्हणजे सगळं पुसणं. पुसलं की ठावठिकाणाही जातो, म्हणून ते नंतर. या सगळ्याला दहा मिनिटं, जास्त नाही. मग सिम बंद. या दहा मिनिटांत कुणी सिम काढून दुसऱ्या फोनात घालू नये म्हणून सिमलाही पिन लावलेली हवी. तीनदा चुकली की सिम उघडायला पीयूके कोड मागितला जातो, तो वहीत. मग पोलिसांत तक्रार, त्याच नंबरचं नवं सिम, आणि तक्रारीची प्रत, बिल, ओळखपत्र घेऊन सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर सीईआयआरमध्ये, म्हणजे फोनांच्या आयएमईआयच्या सरकारी नोंदीत, आयएमईआय ब्लॉक करायचा. त्यानंतर देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर तो फोन चालत नाही. फोन सापडला तर तिथूनच अनब्लॉक करता येतो.

शेवटचा दिवस. माणूस नोकरी सोडतो तेव्हा हिशेबाचा चेक हातात द्यायच्या आधी फोन माझ्या टेबलावर. त्याच्यासमोर व्हॉट्सॲपची लिंक्ड डिव्हाइसेस उघडते. चारपर्यंत जोडता येतात, आणि एकदा घरचा लॅपटॉप निघाला होता, पोराने खरोखर विसरून ठेवलेला. ती काढायची. मग त्याचं खासगी गूगल खातं काढायचं, आणि त्यानंतरच रीसेट. खातं न काढता बटणं दाबून बाहेरून रीसेट केलंत, तर फोन उघडताना जुनं खातं आणि त्याचा पासवर्ड मागतो. चोरापासून बचावासाठीच तशी सोय आहे. आमचा एक फोन असा तीन महिने ड्रॉवरमध्ये पडून होता, कारण खात्याचा मालक पुण्याला गेला आणि त्याला स्वतःलाच पासवर्ड आठवेना. रीसेट झाला की वहीत तारीख, दोघांच्या सह्या, आणि शेवटी चार्जर मिळाला की नाही ते. तो रकाना बहुतेक पानांवर कोराच आहे.