हायकोर्टात केस आहे? आधी कुठलं बेंच, कुठली साईड आणि कुणाचं बोर्ड ते बघा

आमची बांधाची केस सेकंड अपिलात (म्हणजे जिल्हा कोर्टातल्या अपिलाच्या निकालावरच्या अपिलात) हायकोर्टात गेली तेव्हा मला वाटायचं हायकोर्ट म्हणजे फोर्टातली ती दगडी बिल्डिंग, संपला विषय. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची, सीएसएमटीला उतरायचं, चालत कोर्ट गाठायचं आणि संध्याकाळी कळायचं की आज आपला नंबर आलाच नाही. असे चार हेलपाटे झाल्यावर मग एकेक गोष्ट समजत गेली, त्यातलं कामाचं तेवढं इथे लिहितो.

सगळ्यात आधी जिल्हा. मुंबई हायकोर्ट १८६२ चं, पण ते एका जागी बसत नाही. विदर्भाचे ११ जिल्हे नागपूरला. मराठवाड्याचे आठ आणि वर अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार हे छत्रपती संभाजीनगरला. गोव्याचं बेंच पर्वरीत. नाशिक मात्र मुंबईलाच, त्यामुळे शेजारचा जिल्हा कुठं जातो त्यावरून अंदाज बांधू नका, फसाल. आणि आमच्याकडचे सहा जिल्हे, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, यांच्यासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच चालू झालंय. वकील मंडळी कित्येक वर्षं त्यासाठी भांडत होती. सर्किट म्हणजे काय, तर कायम खंडपीठ नाही, १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मंजुरीने दुसऱ्या गावी कोर्ट बसवू शकतात, तसं ते बसवलंय. संभाजीनगरचंही १९८१ ला असंच सुरू झालं होतं आणि नंतर कायम झालं. जुनी केस असेल तर आता ती कुठल्या बोर्डावर, म्हणजे जजसमोरच्या केसेसच्या यादीवर, आहे हे वकिलाला फोन करून विचारा, मगच तिकीट काढा.

मग साईड. ही भानगड फक्त मुंबईत. शहरातले मोठ्या रकमेचे दावे तिथे खालच्या कोर्टात न जाता थेट हायकोर्टातच लागतात, ती ओरिजिनल साईड, तिचं ऑफिस प्रोथोनोटरी नावाच्या अधिकाऱ्याकडे (नाव उच्चारायला मला महिना लागला). जिल्ह्यातून अपील होऊन आलेलं सगळं अपेलेट साईडला. साईटवर केस शोधताना चुकीची साईड टाकली की रेकॉर्ड सापडत नाही आणि माणूस घाबरतो. तसंच स्टॅम्प नंबर आणि रजिस्टर नंबर. फाईल केल्यावर मिळतो तो स्टॅम्प नंबर, ऑफिसने काढलेली ऑब्जेक्शन्स (फायलीतल्या त्रुटी) दूर झाली की रजिस्टर नंबर. केस महिनोन् महिने स्टॅम्पवरच असेल तर आधी ऑब्जेक्शन्स दूर केली का ते विचारा, खूपदा गाडी तिथेच अडकलेली असते.

आता बोर्ड. कुठला जज काय ऐकणार हे फक्त मुख्य न्यायमूर्ती ठरवतात, त्याला रोस्टर म्हणतात, साईटवर सिटिंग लिस्ट असते ती बघा. सेकंड अपील, जामीन वगैरे एका जजसमोर, जनहित याचिका किंवा जन्मठेपेवरचं अपील दोघांसमोर म्हणजे डिव्हिजन बेंचला. रोस्टर बदललं की केस दुसऱ्या जजकडे जाते, त्यात कुणाचा डाव वगैरे काही नसतो, आमच्या काकांना हे पटवायला मला फार वेळ लागला.

तारखा लांब का पडतात तेही कळून घ्या. मंजूर जागा ९४, त्यात ७१ कायम आणि २३ अतिरिक्त, आणि एवढ्यातून सगळी बेंच भरायची. जज सरळ जाहिरात काढून भरता येत नाहीत. हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ जज नावं पाठवतात, मग राज्य, केंद्र, सुप्रीम कोर्टाचं कॉलेजियम (तिथल्या ज्येष्ठ जजांचं मंडळ) असं फिरत फिरत शेवटी राष्ट्रपतींची सही. १० वर्षं वकिली किंवा तेवढीच न्यायालयीन नोकरी लागते. अतिरिक्त जज जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी नेमतात, पुढे बहुतेकदा कायम होतात, आणि ६२ ला सगळेच रिटायर. म्हणजे जागा रिकामी होते ठरलेल्या दिवशी, भरते मात्र कधीतरी.

कोर्टरूममध्ये गेलात तर जजच्या खाली जी माणसं बसलेली असतात त्यात शिरस्तेदार, असोसिएट (हे कोर्टाच्या फायली सांभाळणारे), स्टेनो हे असतात. जजच्या पुढे चालतो तो चोपदार. ही सगळी हायकोर्टाची माणसं, राज्यघटनेच्या कलम २२९ प्रमाणे त्यांची नेमणूक मुख्य न्यायमूर्तींच्या हातात, त्यामुळे मंत्रालयातली ओळख इथे चालत नाही, प्रयत्नही करू नका. सुनावणी चालू असताना त्यांना काही विचारू नका, कोर्ट उठल्यावर वकिलामार्फत विचारा. ऑर्डर सांगितली म्हणजे लगेच हातात मिळत नाही, टाईप होऊन सही झाली की साईटवर चढते. सर्टिफाईड कॉपी लागणार असेल तर तिचा अर्ज त्याच दिवशी टाकून घ्या, नाहीतर तेवढ्यासाठी परत एक चक्कर होते, आमची झाली.