‘देवाने मला दाखवलं’ असं कुणी म्हणालं, तर पारख कशी करावी?

बायबल वाचणाऱ्या, मंडळीत नेमाने जाणाऱ्या माणसासाठी हे लिहितोय. प्रार्थना करा, हे वेगळं सांगत नाही.

आमच्या कोकण किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या शाकारून ठेवलेल्या, माणसं घरी, त्यामुळे घरोघरी प्रार्थना-सभा होतात आणि बाहेरगावचे संदेष्टेही, म्हणजे देवाचा संदेश मिळाल्याचं सांगणारेही, येतात. मग दोन सल्ले हमखास ऐकू येतात. एक, ‘अभिषिक्ताला, म्हणजे देवाने नेमलेल्याला, प्रश्न विचारू नये.’ दुसरा, ‘हल्ली संदेश येतच नाहीत, सगळी थापेबाजी.’ दोन्ही सल्ले सोडून द्या. प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला एका दमात सांगतो की संदेशांना तुच्छ लेखू नका आणि सगळ्याची पारख करा. करिंथच्या मंडळीला तर तो म्हणतो, दोघातिघांनी संदेश द्यावा आणि बाकीच्यांनी निर्णय करावा. पारख करणं म्हणजे अविश्वास नव्हे, ते मंडळीचं नेमून दिलेलं काम आहे.

आधी संदेश जसाच्या तसा, तारीख घालून, त्याच रात्री वहीत लिहा. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी येऊन गेलं आणि त्यानंतर ‘मला आधीच दाखवलं होतं’ म्हणणारे कितीतरी भेटले. ३ जूनच्या आधी लिहिलेला कागद मात्र एकानेही दाखवला नाही.

मग तो संदेश शास्त्राशी ताडून पाहा. येशूच्या येण्याची तारीख सांगणारा तिथेच बाद. अशा सांगितलेल्या तारखांपैकी २२ ऑक्टोबर १८४४ झाला, २१ मे २०११ झाला; ‘तो दिवस कुणालाच ठाऊक नाही’ म्हणणारं मार्क १३:३२ आहे तिथेच आहे.

खरी कसोटी यापुढे लागते, आणि इथेच मीही फार चाचपडलो. सांगितलेले तपशील बरोबर निघाले तर काय करायचं?

शेजारच्या एका काकींना पाहुणा संदेष्टा म्हणाला, “बहिणी, तुझा उजवा गुडघा दुखतो आणि मुलाचा पासपोर्ट अडकलाय.” दोन्ही खरं होतं. काकी रडायलाच लागल्या. त्या रडत असतानाच पुढचं वाक्य आलं: “होडीचं इंजिन विकून देवाच्या कामात पेर, मुलगा गल्फला जाईल.” नंतर विचारलं तेव्हा कळलं की सभेआधी सगळ्यांनी प्रार्थना-विनंतीच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या, आणि काकींच्या चिठ्ठीत गुडघाही होता, पासपोर्टही.

पण चिठ्ठी नसती तरी माझं मत बदललं नसतं. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा १३वा अध्याय नीट वाचा. संदेष्ट्याने सांगितलेलं चिन्ह खरोखर घडलं आणि तो तुम्हाला दुसऱ्या देवांकडे ओढू लागला, तर त्याचं ऐकू नका, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. तपशील जुळणं हा पुरावाच नाही. संदेश तुम्हाला कुठे नेतो ते बघा: ख्रिस्ताकडे, की त्या माणसाच्या मुठीत?

पैशाचं तर उघड आहे. तोंडात घास घालणाऱ्याला शांती सांगणारे आणि न देणाऱ्यावर उलटणारे संदेष्टे जुन्या करारातल्या मीखा संदेष्ट्याच्याही काळी होते. दिदाखे ही अगदी सुरुवातीच्या मंडळ्यांची नियमावली. तिच्यात नियम आहे की आत्म्यात बोलताना जो स्वतःसाठी पैसे मागेल त्याचं ऐकू नये. गरजवंतांसाठी मागत असेल तर त्याचा न्याय करू नये. एवढा नियम पाळला तरी किनाऱ्यावरची कितीतरी घरं वाचतील.

आणि खरा संदेशसुद्धा तुमचा निर्णय हिसकावून घेत नाही. अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाच्या कमरपट्ट्याने आपलेच हातपाय बांधून सांगितलं की यरुशलेमेत तुला असं बांधतील. सगळ्यांनी विनवण्या केल्या, तरी पौल गेला. अगब खरा होता, पण जायचं की नाही हे पौलाने ठरवलं. म्हणून ‘हिच्याशीच लग्न कर’, ‘आजच सही कर’ अशी घाई करणाऱ्या संदेशाला मी तिथेच थांबवतो.

लगेच उत्तर सुचलं नाही तर थांबा. जुन्या करारात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात, परमेश्वराच्या नावाने, दोन वर्षांत बाबेलच्या जोखडातून सुटका होईल असं सांगितलं. खरा संदेष्टा यिर्मया आधी ‘आमेन’ म्हणाला, मग आपल्या वाटेने निघून गेला. हनन्या खोटा हे वचन त्याला नंतर मिळालं. उलट, घडलं नाही म्हणजे खोटंच, असंही घाईने ठरवू नका. योना संदेष्ट्याने सांगितलेला निनवे शहराचा नाश टळला तो लोकांनी पश्चात्ताप केला म्हणून. पण तारीख देऊन बिनशर्त सांगितलेलं घडलं नाही, तर अनुवाद १८ लावा, म्हणजे ते वचन परमेश्वराचं नव्हतं असं समजा, आणि त्या माणसाला घाबरू नका.

वही पाळकांना आणि वडीलजनांना दाखवा. एकट्याने ठरवू नका.

फोन करून तगादा लावला तर एवढंच म्हणा: “संदेश लिहून घेतलाय, वडीलजनांकडे दिलाय. आता त्यांच्याशी बोला.” आणि ज्याने विश्वास ठेवला त्याला चारचौघांत बोल लावू नका. काकींच्या घरी आम्ही दोघंच गेलो, मुलाच्या पासपोर्टची कागदपत्रं पुन्हा एकदा तपासली आणि गुडघ्यासाठी त्यांच्यासोबत प्रार्थना केली.