कॉलनीत हिवाळी पक्षी बघायचा उपक्रम करताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की आपल्या सांगलीत कुठल्या ना कुठल्या कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज येतोच, चला पक्ष्यांसाठी काहीतरी करूया, मग वर्गणी निघते, प्लॅस्टिकचे फीडर येतात, बाजरी-तांदूळ येतो आणि महिन्याभरात सगळं थंड, कारण आले ते फक्त पारवे. लोकांना वाटतं आता पक्षीच राहिले नाहीत. तसं नाहीये. पक्षी आलेले असतात, आपण भलत्याच जागी त्यांची वाट बघत बसतो.

धान्य ठेवलं, पारवेच आले

थंडीत बाहेरून आपल्या गल्लीत येणारे बहुतेक पाहुणे किडे खाणारे आहेत. करडा धोबी सप्टेंबरातच हजर होतो, मागोमाग थिरथिरा, वटवटे, माशीमार, हे हिमालयातून नाहीतर त्याच्याही पलीकडून येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत इथंच मुक्काम करतात. त्यांना बाजरीशी काही देणंघेणं नाही. (भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, ज्वारीवर तुटून पडतात, पण त्या शिवारात.) आणि धान्य जास्त सांडलं की पारवे वाढतात, उंदीर येतात, उंदरांमागं साप, मग शेजारचे काका वैतागून उपक्रमच बंद करायला लावतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. चिमण्यांसाठी ठेवायचंच असेल तर मूठभर ठेवा, तासाभरात संपेल एवढंच. पाव, फरसाण, खारी अजिबात नको.

मग करायचं काय, तर किडे राहू द्यायचे. आपण द्राक्षाच्या मुलखातली माणसं, फवारणीचा पंप घरात असतोच, जास्वंदीवर जरा मावा दिसला की मारलं औषध. तेच किडे शिंपी पक्ष्याचं आणि वटवट्याचं जेवण असतं हो. पालापाचोळा पेटवू नका, कंपाऊंडच्या एका कोपऱ्यात तसाच पडू दे, थिरथिरा तिथं जमिनीवर उतरून किडे टिपतो. ऐन थंडीत सगळी झाडं एकदम छाटून टाकायची घाईही नको. शेवगा फुलला असेल तर फांद्या तोडायच्या आधी दोन दिवस नुसतं सकाळी खाली उभं राहून बघा, फुलांतला मध पिणारे इवलेसे शिंजीर किती येतात ते.

पाणी ठेवलं तरी कोणी येत नाही

पाणी बहुतेक लोक उन्हाळ्यातच ठेवतात, थंडीत भांडं पालथं पडलेलं असतं. ठेवा बाराही महिने. पण खोल बादली किंवा गुळगुळीत स्टीलचं पातेलं नको, कुंडीखालची मातीची पसरट ताटली घ्या, पाणी दीड-दोन इंच, मध्ये एक दगड. दाट झुडपाला चिकटून ठेवलंत तर मांजर दबा धरून बसतं, जरा मोकळ्यात ठेवा. रोज घासून पाणी बदला, म्हणजे डासांची तक्रारही येणार नाही.

घरटी लावली, धोबी काही राहायला आला नाही. येणारच नाही, हे पाहुणे इथं अंडी घालतच नाहीत. लाकडी पेट्या चिमणी, दयाळ, साळुंकी अशा ढोलीत राहणाऱ्यांसाठी, शिंप्याला पानं शिवायला लागतात.

लोक एकदा येतात, परत येत नाहीत

इथं खरं अडतं. पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, तेवढ्यात बॅनर लागतो, फोटो निघतात आणि संपलं. खरी मजा डिसेंबर ते फेब्रुवारी असते. दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्याच दिवशी चाळीस नावं सांगायची हौस. लहान पोरांचं सोडा, मोठ्यांच्याही डोक्यात काही राहत नाही. त्यापेक्षा एकच पक्षी धरा. थिरथिरा थंडीभर साधारण त्याच आवारात राहतो, तीच भिंत, तेच गेट, शेपटी थरथरवत बसलेला, एकदा पोरांना दाखवला की तो आपल्या गल्लीचा होतो, पोरं शाळेतून आल्यावर आधी त्याला शोधतात, मग आज्जी विचारतात आला का रे तो, वॉचमनदादा सांगतात सकाळी पार्किंगमध्ये होता. त्या वॉचमनदादांना, झाडलोट करणाऱ्या मावशींना आधी विचारा, पहाटेपासून बाहेर तेच असतात, त्यांना जास्त माहीत असतं.

रविवारी दहाला जमू नका, उजाडल्यावर पहिल्या दोन तासांत जमा. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका, तो बिचारा दुसरा कोणी हद्दीत घुसला म्हणून खाणं सोडून धावतो. घुबडाच्या ढोलीचं लोकेशन ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यांची रांग लागते. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते, पंधरा मिनिटं गच्चीवरून मोजून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर टाकलं तरी चालतं, कॉलनीतल्या सगळ्यांना जमण्यासारखं आहे.

नदीवर नेताना

आयर्विन पुलाजवळ घाटाच्या पायऱ्यांवर धोबी पक्षी बघायला न्या, छान दिसतात, पण वरच्या पायरीवरूनच. कृष्णेत मगरी आहेत आणि थंडीत ऊन खायला त्या काठावर येतात. भिलवडी-औदुंबरकडं गेलात तर पोरांना पाण्याजवळ अजिबात सोडू नका, चिखलात बसलेली मगर लांबून ओंडक्यासारखीच दिसते. दुर्बीण घेऊन उंचावरून बघितलं तर मगर बघणं हाही मोठा आनंद आहे, तिच्याबद्दल भीती घालण्यापेक्षा अंतर शिकवा.

पक्षी काचेवर आपटून पडला तर

चोचीत पाणी ओतू नका, दूध तर नकोच. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात हलकेच ठेवा, अंधारात, शांत जागी, सारखं उघडून बघू नका. तासा-दोन तासात सावरला तर बाहेर नेऊन खोकं उघडा, आपोआप उडतो. पंख लोंबत असेल किंवा मांज्यानं कापला असेल तर वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन करा. पिंजऱ्यात घालून घरी पाळू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, राघू आणि मुनियासुद्धा त्यात आले.