मुलांचा कार्यक्रम ठरवताय? आधी कपाटाची चावी घ्या

गेल्या वर्षी ग्रंथपाल दिनाच्या, म्हणजे १२ ऑगस्टच्या, आसपासच्या रविवारी आमच्या गोव्यातल्या वाचनालयात मुलांसाठी गोष्टी ठेवल्या होत्या. गोष्ट छान रंगली. संपताच दुसरीतली एक मुलगी समोर येऊन कोंकणीत म्हणाली, "हें पुस्तक घरा व्हरूं?" (घरी नेऊ?) बालविभागाचं कपाट बंद होतं आणि चावी सुटीवर गेलेल्या कर्मचाऱ्याकडे होती. सव्वीस मुलं रिकाम्या हातांनी परत गेली. ती मुलगी पुन्हा आलेली नाही, आणि ते मला अजून लागून राहिलंय.

म्हणून चावी शनिवारी संध्याकाळीच स्वतःच्या हातात घ्या. "सांगून ठेवलंय" यावर अजिबात राहू नका. देवघेवीची वही आणि शिक्का ज्या खणात असतात त्याची चावी वेगळी असते, तीही घ्या. दोन्ही कुलुपं उघडून बघा.

दिवस ठरवताना श्रावणातल्या रविवारची सकाळ टाळा. घरोघरी आयतार पूजन, म्हणजे श्रावणी रविवारची पूजा, असतं, आया मुलांना आणणार कशा? चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) मागचेपुढचे पंधरा दिवस तर विसराच. १४ ते २० नोव्हेंबरचा ग्रंथालय सप्ताह सगळ्यात बरा: बालदिन त्यातच येतो आणि पाऊस गेलेला असतो.

पाच वर्षांची आणि पाचवीतली मुलं एकत्र बसवू नका. लहानग्यांना वीस मिनिटं पुरे, मग त्यांच्या हातांना काम द्या. आपल्याकडे बरीच मुलं घरी कोंकणी बोलतात आणि शाळेत मराठी किंवा इंग्रजी शिकतात. गोष्ट मराठीत सांगा, पण उत्तर कोंकणीत आलं तर ते दुरुस्त करू नका. एकदा टोकलेलं मूल पुढे तोंड उघडत नाही.

गोष्टीशी जवळीक असलेली दहा-बारा पुस्तकं मुखपृष्ठं दिसतील अशी टेबलावर मांडा. पावसाळ्यात बुरशी धरलेली आधीच वेगळी काढा. आणि ही पुस्तकं कपाटातच असतात, म्हणजे पुन्हा चावी!

सभासदत्वाचे अर्ज आठवडाभर आधी शाळेतून घरी पाठवा. पालकांची सही लागते आणि मुलाला पोचवायला बहुधा आजी येते. अर्ज नसला तर कपाट उघडं असूनही पुस्तक देता येत नाही.

प्रोजेक्टरवर विसंबू नका, वीज जाते. छत्र्यांना दाराबाहेर बादली. चटया, पाणी. खाऊ शेवटी आणि तेलकट नको. शेवटची बस किती वाजता ते विचारून घ्या. फोटो दोन पुरेत. पुस्तक परत कधी आणायचं ते मुलालाच सांगा, आणि त्या दिवशी वाचनालय उघडं आहे ना, तेही बघा.

आमंत्रणं दोन्ही चाव्या कोणाकडून, कधी मिळणार हे पक्कं झाल्यावरच वाटा.