आधी रिकामी पुंगळी मोजावी, मग प्रेस निवडावी

रायफलची काडतुसे मी घरीच भरतो. गेल्या हिवाळ्यात त्यासाठीची जुनी हलकी प्रेस, म्हणजे हातदांड्याने दाबायचे यंत्र, काढून बिडाची जाडजूड नवी प्रेस बसवली. माझ्या .308 विंचेस्टर रायफलच्या भरलेल्या काडतुसांवर वाकडेपणा मोजणारा डायल पाच-सहा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण 25 मायक्रॉन) फिरत होता आणि दोष प्रेसचाच आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. नवी प्रेस बसली, टेबल हलेनासे झाले, आणि पहिल्याच दहा काडतुसांनी पुन्हा तेच पाच-सहा थाउ दाखवले. मी नेहमी तयार काडतूसच मोजत आलो होतो. मधल्या टप्प्यावर रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी नळकांडे, एकदाही डायलखाली धरली नव्हती. तरुणपणी भोसरीच्या कारखान्यात प्रत्येक ऑपरेशननंतर डायल लावल्याशिवाय शाफ्ट पुढच्या मशीनवर जात नसे, आणि हे शिकलेल्या माणसाने घरच्या गॅरेजमध्ये नेमके तेच विसरावे, याची लाज अजून वाटते. पुढची यादी त्या लाजेतून झाली आहे.

आधी दोन खुलासे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विक्रीसाठी भरायची असतील तर लागतो. राज्याचे व शहराचे नियम आणि भाड्याच्या घराचा करार ज्याचा त्याने वाचावा. भारतात 1959च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा बनवण्यास परवाना लागतो, म्हणून तिकडच्या वाचकांनी हे माहितीपुरतेच घ्यावे. दुसरे शब्दांबद्दल. इकडे ज्याला केस म्हणतात त्याला मी पुंगळी म्हणतो, कारण केस म्हटले की आपल्याला न्हावी आठवतो.

पहिली खरेदी प्रेसची नव्हे, गेजची, म्हणजे डायल लावलेल्या मोजणीच्या साधनाची करावी. पुंगळी दोन ठिकाणी, म्हणजे बुडाजवळ आणि खांद्याच्या (जिथे ती निमुळती होते) किंचित मागे, आधारावर टेकेल आणि डायलचे टोक मानेवर (गोळी धरणाऱ्या अरुंद तोंडावर) किंवा गोळीवर ठेवता येईल, एवढी सोय त्यात असली की पुरे. बोटाने पुंगळी सावकाश एक फेरा फिरवावी आणि काटा एकूण किती सरकला ते लिहावे. काटा चार थाउ सरकला तर मध्य प्रत्यक्षात दोनच थाउ ढळलेला असतो. हा फरक न कळल्यामुळे माणसे उगाच घाबरतात. वाकडे काडतूस दाबून सरळ करण्याची सोय काही गेजमध्ये असते. ती मला मुळीच पटत नाही, कारण त्यात मानेची गोळीवरची पकड बिघडू शकते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

आता मुख्य गोष्ट. मोजणी तीनदा करावी: गोळी झाडून झालेली पुंगळी बंदुकीतून जशी निघाली तशी, साइझिंग डायमधून (पुंगळी आवळून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातून) काढलेली रिकामी पुंगळी, आणि शेवटी गोळी बसवलेले काडतूस. चेंबरमधून, म्हणजे बंदुकीत काडतूस बसते त्या पोकळीतून, निघालेल्या पुंगळीची मान बहुधा एक थाउच्या आतच असते, कारण ती चेंबरच्याच आकारावर फुगलेली असते. ती सरळ आहे आणि तयार काडतूस वाकडे आहे, तर बिघाड या दोहोंच्या मध्ये कुठेतरी झाला. आणि मध्ये नेमका कुठे, हे फक्त रिकामी, साइझ केलेली पुंगळीच सांगते. ती मोजली नाही तर साइझिंगचा दोष सीटिंग डायवर (गोळी बसवणाऱ्या साच्यावर) जातो, सीटिंगचा प्रेसवर जातो आणि प्रेसचा भुर्दंड खिशाला पडतो. दहा पुंगळ्या मोजायला दहा मिनिटेही लागत नाहीत. कंटाळा आला तरी मोजाव्यात.

मी अखेर मोजल्या तेव्हा साइझिंगनंतर मानेवर काटा पाच थाउ हलला. मग डायमधली दांडी, जिच्या टोकाला मान आतून रुंद करणारा गोळा म्हणजे एक्स्पँडर असतो, ती सोडवून बाजूला ठेवली आणि त्याच लॉटमधली दुसरी पुंगळी साइझ केली. काटा एकवर येऊन थांबला. साधी डाय मानेला गरजेपेक्षा जास्त आवळते आणि परतीच्या वाटेवर तो गोळा त्या आवळलेल्या मानेतून ओढला जातो. मान आतून कोरडी असेल तर तो कर्कश आवाज करत येतो आणि मानेला आपल्याबरोबर ओढून वाकवतो. तो आवाज मी कित्येक महिने ऐकत होतो आणि प्रेसच्या नावाने बोटे मोडत होतो. यावर उपाय खर्चाच्या चढत्या क्रमाने करावेत. मानेच्या आत ब्रशने थोडे कोरडे ग्रॅफाइट लावावे. दांडीच्या चेकनटखाली रबरी ओ-रिंग घालावी, म्हणजे गोळा स्वतःच मध्यावर येतो. तरीही भागले नाही तर बुशिंगची डाय (बदलता येणाऱ्या कड्याने मान आवळणारी) घ्यावी आणि मान वेगळ्या मँड्रेलने, म्हणजे गुळगुळीत दांड्याने, खुली करावी. बुशिंग भरलेल्या काडतुसाच्या मानेपेक्षा दोन थाउ लहान घ्यावे: मान .336 इंच भरली तर बुशिंग .334 इंचाचे. प्रत्येक बदलानंतर काय करायचे? पुन्हा रिकामी पुंगळी मोजायची.

पुंगळीची मानच एका बाजूने जाड असेल तर यातले काहीही उपयोगाला येत नाही. बॉल मायक्रोमीटरने (गोल टोकाच्या मायक्रोमीटरने) जाडी चार ठिकाणी पाहावी आणि दीड थाउहून जास्त फरक असलेल्या पुंगळ्या सरावासाठी बाजूला टाकाव्यात. मान खरवडून सारखी करता येते, पण ते चिवट माणसाचे काम आहे आणि मी त्यातला नाही.

एवढे झाल्यावर प्रेसचा विचार करावा. पिस्तुलाची काडतुसे शेकड्यांनी लागत असतील तर प्रोग्रेसिव्ह प्रेस (दर दाबाला सगळे टप्पे एकदम करणारी) योग्य. रायफलची पन्नास-शंभर नीट भरायची असतील तर बंद चौकटीची सिंगल स्टेज (एका वेळी एकच डाय घेणारी) प्रेस आयुष्यभर पुरते. टरेट प्रेसमध्ये (फिरत्या डोक्यावर अनेक डाय असणाऱ्या) डाय बदलण्याचा त्रास वाचतो, पण जोर लावताना तिचे डोके किंचित उचलते का, हे दुकानातच पाहून घ्यावे. फॉर्स्टर कंपनीच्या को-ॲक्स प्रेसमध्ये डाय आट्यांत घट्ट बसत नाही, खाचेत सरकवली जाते, आणि पुंगळी जबड्यांत धरली जाते. दोन्ही थोड्या तरंगत असल्याने आपापला मध्य शोधतात. मात्र तिला रुंद व सपाट लॉक रिंग (डाय जागी धरणारी कडी) लागते, त्यामुळे जुन्या डायांच्या रिंगा बदलण्याचा खर्च आधीच धरावा. साध्या प्रेसवरही शेलहोल्डरची (पुंगळीचे बूड धरणाऱ्या भागाची) स्प्रिंग क्लिप काढून तिच्या जागी रबरी रिंग घातली की पुंगळीला तोच मोकळेपणा मिळतो, आणि खर्च नगण्य असतो. हे मला आधी माहीत असते तर बिडाचे ते धूड आज माझ्याकडे नसते. रॅममधल्या (पुंगळी वर नेणाऱ्या दांड्यातल्या) बारीक खेळाला भिऊ नये, कारण पुंगळीचे अंग डायमध्ये शिरताना स्वतःच सरळ होते. हलणाऱ्या टेबलाला मात्र भ्यावे.

सीटिंग डायचा दांडा गोळीच्या टोकावर नव्हे, तिच्या खांदेवळणावर, म्हणजे टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या बाजूवर, टेकला पाहिजे. गोळीवर कडीसारखा वळ दिसला तर दांडा त्या गोळीला जुळत नाही. पुंगळीचे तोंड आतून तिरपे घासून घ्यावे. गोळी अर्धी बसवून पुंगळी अर्धा फेरा फिरवावी आणि मग पूर्ण बसवावी. फायदा थोडा आहे, पण फुकट आहे.

बाकीचे थोडक्यात. चष्मा घालावा. टेबलावर एका वेळी बंदुकीची एकाच प्रकारची दारू ठेवावी. दारूचे वजन छापील मॅन्युअलवरूनच घ्यावे, मित्राच्या सांगण्यावरून नव्हे. गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत उजेड टाकून दारूची पातळी पाहावी. प्रायमर (दारू पेटवणाऱ्या बारीक टोप्या) मूळ डब्यातच राहू द्यावेत. तयार काडतूस तीन थाउच्या आत असेल तर पुढे जीव काढू नये, आणि शिकारीला चार-पाचही चालतात.

वहीत तीन रकाने आखावेत: झाडलेली, साइझ केलेली, भरलेली. मधला रकाना रिकामा असेल त्या दिवशी काहीही खरेदी करू नये.