नॅशुआहून मॅसॅच्युसेट्समध्ये नेमबाजीला जायचं असेल तर

नेमबाज स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिस ऑलिम्पिकला कांस्यपदक घेतल्यापासून न्यू हॅम्पशायर राज्यातल्या, मॅसॅच्युसेट्सच्या सीमेला लागून असलेल्या आमच्या नॅशुआत नव्यानं आलेली दोन तऱ्हेची मंडळी मला गाठतात. एकाला खरंच नेमबाजी शिकायची असते, दुसऱ्याला दसऱ्याला ग्रुपवर टाकायला पिस्तुलासकट फोटो हवा असतो. दोघांचा प्रश्न मात्र एकच: ओळखीच्याचा क्लब मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, तिकडे जायला काय लागतं?

मी उलट विचारतो, व्हिसा कुठला? एच-वन बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन अशा नोकरीच्या, कुटुंबाच्या किंवा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसांपैकी काहीही असेल तर अमेरिकेचा फेडरल, म्हणजे देशभर लागू असलेला कायदा तुम्हाला बंदूक आणि काडतूस बाळगायला मनाई करतो. बाळगणं म्हणजे फक्त विकत घेणं नव्हे. रेंजवर भाड्याची बंदूक तासभर हातात धरली तरी ते बाळगणंच. ‘रेंजवाल्यानं काही विचारलं नाही’, ‘ऑफिसची सगळी टीम गेली होती’, ‘मॅनेजरनंच नेलं’ ही उत्तरं मी आजवर खूप ऐकली. त्यातलं एकही सरकारी वकिलापुढे टिकणारं नाही. फ्लोरिडातला रेहैफ नावाचा परदेशी विद्यार्थी कॉलेजनं काढून टाकल्यावरही देशातच राहिला आणि एका रेंजवर जाऊन गोळ्या झाडून आला. त्याला शिक्षा झाली. सुप्रीम कोर्टानं 2019 साली ती फिरवली, कारण आपलं वास्तव्य बेकायदा झालं आहे हे त्याला ठाऊक होतं, हे सरकारनं सिद्ध करायला हवं होतं. आपण व्हिसावर आहोत हे तुम्हाला ठाऊकच असतं, म्हणून तुम्हाला तो बचाव उरत नाही.

शिकारीचा परवाना असलेल्यांना या बंदीतून सूट आहे, हे खरं. म्हणून काही हुशार लोक कुठल्यातरी राज्याचा शिकारीचा परवाना ऑनलाइन काढतात आणि खिशात घालून फिरतात. हरणामागे जन्मात न गेलेल्या माणसानं हा उद्योग इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय करू नये. शिवाय ही सूट फेडरल बंदीपुरती आहे. मॅसॅच्युसेट्सचा परवाना तरीही वेगळा लागतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-दहा वर्षं काढणारी आपली माणसं शनिवारच्या दोन तासांसाठी सगळं पणाला कशी लावतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

तोवर हौस भागवायचीच असेल तर एअर रायफल घ्या. हवेच्या दाबावर चालते म्हणून फेडरल कायदा तिला बंदूक मानत नाही. दहा मीटरची एअर रायफल हा ऑलिम्पिकचा प्रकार आहे, अंजली भागवत त्याच प्रकारात चमकल्या. त्यात कमीपणा कसला?

आता ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व आहे त्यांच्यासाठी. न्यू हॅम्पशायरमध्ये 2017 पासून पिस्तूल जवळ बाळगायला परवाना लागत नाही. या मोकळीकीची सवय लागते आणि तीच घात करते. मॅसॅच्युसेट्स दुसऱ्या कुठल्याही राज्याचा परवाना मानत नाही. विनापरवाना पिस्तूल गाडीत सापडलं तर किमान 18 महिन्यांची कैद आहे, आणि ती न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडलेली नाही. सीमेवर नाकं नाही, कुणी अडवत नाही. आपला फेझंट लेन मॉलच घ्या. दुकानं नॅशुआत, म्हणून विक्रीकर नाही, पण पार्किंगचा एक भाग टिंग्सबरोत, म्हणजे मॅसॅच्युसेट्समध्ये. डॅशबोर्डच्या खणात पिस्तूल ठेवून तिथे गाडी लावलीत तर तुम्ही दुसऱ्या राज्यात शिरलात. ‘बंदूक रिकामी आणि डिकीत कुलूपबंद असली की चालतं’ हा फेडरल नियम राज्यातून पार होणाऱ्या प्रवाशासाठी आहे, आणि तोही जिथून निघालात आणि जिथे पोचणार त्या दोन्ही ठिकाणी तुमचं बाळगणं कायदेशीर असेल तरच. क्लबात जाणारा माणूस पार होत नाही, तिथेच थांबतो.

म्हणून अनिवासी परवाना, म्हणजे मॅसॅच्युसेट्स बाहेरच्या राज्यात राहणाऱ्यांना देतं तो. अर्ज तुमच्या गावच्या पोलिसांकडे नाही, मॅसॅच्युसेट्समधल्या चेल्सीतल्या फायरआर्म्स रेकॉर्ड्स ब्युरो या सरकारी कचेरीकडे करायचा. फी 100 डॉलर आणि मुदत फक्त एक वर्ष. तिथल्या रहिवाशाला तेवढ्याच पैशात सहा वर्षं मिळतात. वैताग येतो, पण नियम तो नियम. सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मॅसॅच्युसेट्सनं मान्य केलेल्या प्रशिक्षकाचंच हवं, तेव्हा इकडच्या कोर्सचे पैसे भरण्याआधी खात्री करा. मुदत संपत आली की नव्या अर्जाला लागा. तिथल्या राज्यपाल मॉरा हीली यांनी 2024 साली बंदुकांच्या नव्या कायद्यावर सही केली आहे आणि नियम अजून बदलत आहेत, त्यामुळे जुन्या मित्राच्या आठवणीवर विसंबू नका. माझ्याही नको.

परवाना हातात आला म्हणून गाडीतलं सगळं सामान कायदेशीर झालं असं नाही. इकडच्या दुकानातून घेतलेल्या ग्लॉक 17 पिस्तुलाबरोबर सतरा गोळ्यांचं मॅगझिन येतं. मॅसॅच्युसेट्सची मर्यादा दहाची. ते मॅगझिन घरीच ठेवा, रिकामं असलं तरी. काडतुसांनाही परवाना लागतो, आणि तिथल्या कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळीसुद्धा बसते. सीटखाली घरंगळलेल्या पुंगळ्या म्हणूनच वेचून काढायच्या. परवाना नसलेल्या बायकोला किंवा मित्राला ती गाडी द्यायची असेल तर आधी गालिचा उचलून बघा.

गांजाबद्दल एकच सांगतो. मॅसॅच्युसेट्समध्ये दुकानात उघड मिळतो, पण फेडरल कायद्यानं गांजा घेणाऱ्याला बंदूक बाळगता येत नाही. खरेदीच्या फॉर्मवर हा प्रश्न असतो आणि तिथे खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा आहे. पिस्तूल स्वतःच्या राज्यातच घ्यायचं. क्लबातला मित्र स्वस्तात देत असला तरी सीमेपलीकडून थेट घ्यायचं नाही.

आणि रेंजची बॅग वेगळी ठेवा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण मान डोलावून तीच बॅग घेऊन भारतात जातो. कप्प्यात राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेत दिसलं की 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. चुकून राहिलं हे कोर्टात पुष्कळदा पटतं, पण तोवर पासपोर्ट अडकतो, सुट्टी संपते, नोकरीवर परतायचं राहतं. त्या बॅगेत कपडे भरू नका, मुलाच्या शाळेला देऊ नका, आणि भाच्याला दाखवायला म्हणून पुंगळीही नेऊ नका.